आजचं पुरे

ज्या घरात एक माणूस अखंड बोलतो, त्या घरात दुसऱ्याला तोंड उघडायची गरज पडत नाही. शिवणकाकूंच्या घरात चौतीस वर्षं हाच अलिखित करार होता. मास्तर बोलायचे आणि काकू शिवायच्या. काकूंच्या ओठांत सदा चार-सहा टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे त्यांनी बोलावं अशी अपेक्षाही कुणी केली नाही. मास्तर तर त्यांना टाचणीच म्हणत. "टाचणी, ऐकतेस ना?" असं म्हणून ते जे सुरू होत ते ताटं उचलेपर्यंत, आणि काकू मान हलवत. हो म्हणायला मान पुरते आणि नाही म्हणायलाही पुरते.

काकू शिंप्याच्या घरात जन्मलेल्या. सातवीनंतर शाळा सुटली ती वडिलांच्या मशीनवर बसायला. पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले, तेव्हा काकूंनी दुरुस्तीचं काम धरलं. चेन बदलायची, कॉलर उलटवायची, पॅन्ट आखूड करायची, उसवलेलं शिवायचं. घराची पुढची खोली हेच दुकान, आणि पायाने चालणारं जुनं मशीन खिडकीशी. इंग्रजी म्हणाल तर चार अक्षरांपुरतं: एस, एम, एल आणि एक्सएल. "तेवढ्यात सगळी माणसं बसतात," असं त्यांचं मत होतं, आणि ते अगदीच चूक होतं असं नाही.

मास्तरांची गोष्ट वेगळी. दिवसा ते एका कचेरीत टपाल लावत आणि संध्याकाळी सायकलवाल्याच्या दुकानावर भाड्याने घेतलेल्या खोलीत इंग्रजीचा वर्ग घेत. वर्ग तरी कसला, तर निव्वळ इंग्रजी वाक्प्रचारांचा. व्याकरण शिकवायला छप्पन जण बसले होते. मास्तरांचं म्हणणं असं, की व्याकरणाने माणूस परीक्षा पास होतो, पण चार माणसं बोलताना मध्येच हसली तर का हसली ते त्याला कळत नाही. ते कळायला वाक्प्रचार लागतात. बेकरीवाला, टॅक्सीवाला, दवाखान्यातल्या नर्स, सगळे दिवसभराचं काम आटपून त्यांच्यापुढे येऊन बसत. काकू तिथे कधी गेल्या नाहीत. आधी वेळ नव्हता, नंतर सवय नव्हती, आणि घरात ऐकतो तेवढं पुरे की, असंही वाटायचं.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी मास्तर दात घासता घासता मोरीतच खाली बसले. झटका आला होता. जिवावरचं हातापायावर निभावलं म्हणायचं, पण उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. ज्याच्या तोंडाचा पट्टा देवाला थांबवता आला नसता, त्याला 'पाणी' म्हणता येईना. 'आ' करून बघत राहायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. घर इतकं शांत झालं की काकूंना आपल्याच मशीनचा आवाज नकोसा झाला.

मग एके दिवशी दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी मास्तरांना पहिल्यांदा खुर्चीतून उभं केलं, परत बसवलं आणि विचारलं, "कसं वाटलं, मास्तर?"

"पीस ऑफ केक," मास्तर म्हणाले. खणखणीत आणि अगदी वर्गातल्या आवाजात.

काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली. याचा अर्थ 'अगदी सोपं' असा होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण केक मागत नाहीयेत एवढं चौतीस वर्षांत कळलं होतं. दोन दिवसांत आणखी तीन-चार वाक्प्रचार बाहेर पडले, एकामागून एक, न अडखळता. एरवी मात्र 'हो' सुद्धा नाही.

स्पीच थेरपिस्टनं काकूंना बाजूला घेऊन समजावलं. लेकीच्या वयाची मुलगी, पण बोलायची बेताचं. "काकू, डोक्यातलं सुटं सामान हरवलंय. एकेक शब्द जुळवून वाक्य करणं त्यांना जमत नाही. पण जे हजारो वेळा अखंड म्हटलंय, ती बांधलेली गाठोडी शिल्लक आहेत. ती बाहेर येतात."

"म्हणजे त्यांना काही सांगायचं असतं का?"

"असेलही. पण प्रत्येकाचा अर्थ लावत बसू नका. पुष्कळदा तोंडाला जे येतं तेच येतं. उगाच आशा लावून घेतलीत तर त्रास तुम्हालाच."

आता आशा लावू नका म्हटल्याने कुणी थांबलंय का? काकूंची एकुलती एक लेक दूरच्या शहरात औषधांच्या दुकानात कामाला. तिनं इंटरनेटवरून एक यादीच काढून आणली: नेहमीचे इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ. आईसाठी प्रत्येकाचा उच्चार मराठीत लिहिला, अर्थही लिहिला आणि ती यादी फ्रिजच्या दारावर चिकटवली. "बाबा काही म्हणाले की यात बघ," म्हणाली. काकू बघू लागल्या.

सकाळी पॅन्ट चढवताना मास्तर म्हणायचे, "बीट अराउंड द बुश." यादीत अर्थ होता: मुद्द्याचं सोडून गोल गोल बोलणं. काकूंना वाटलं, आपण इकडचं तिकडचं बोलत कपडे घालतो ते त्यांना आवडत नाही. त्या गप्पच झाल्या. तरी दुसऱ्या दिवशी पॅन्ट, आणि पुन्हा तेच. चहा दिला की म्हणायचे, "ब्रेक द आइस." अर्थ: परक्या माणसांमधला संकोच घालवणं. आता इथे परकं कोण होतं? काकू चहाचा कप त्यांच्या तोंडाशी धरून विचार करत बसायच्या आणि चहा निवून जायचा. महिन्याभरात त्यांची खात्री पटली की ती मुलगी म्हणाली तेच खरं. तोंडाला येतं ते येतं, आत कुणी नाही. ही खात्री पटली त्या दिवशी त्या मोरीत जाऊन रडल्या, नळ मोठा सोडून.

दिवस मास्तरांचं करण्यात जायचा. अंघोळ, व्यायाम, भरवणं, कूस बदलणं. मशीनवर बसायला मिळायचं ते दिवेलागणीला, आणि तोवर कंबर मोडलेली असायची. तरी बसायच्या, कारण कामाचा ढीग वाढत होता आणि लोक किती थांबणार. मास्तरांची खुर्ची त्या मशीनशेजारी ठेवायच्या, म्हणजे लक्ष राहील. तिथे एक तिसरंच सुरू झालं. मशीनने वेग घेतला की मास्तर म्हणायचे, "कॉल इट अ डे." एकदा नाही, आठ-दहा वेळा. दोनदा तर वाकून डाव्या हाताने मशीनच्या पट्ट्यालाच हात घातला. बोट सापडलं असतं म्हणजे? काकू खेकसल्या, कधी नव्हे त्या, आणि त्यांची खुर्ची ढकलून पलीकडच्या भिंतीशी नेऊन ठेवली. भिंतीपासूनही ते म्हणतच राहिले.

लेकीनं हे फोनवर ऐकलं. यादी न बघताच तिला अर्थ ठाऊक होता. ती म्हणाली, "आई, बाबा कंटाळलेत गं. याचा अर्थ, थांबवा आता, संपवा."

हा घाव काकूंच्या वर्मी लागला. लेकीनं पुढचं हळूहळू सांगितलं. तिच्या शहरात अशा रुग्णांसाठी एक केंद्र होतं, मोठं, चांगलं नाव असलेलं. सहा महिने तिथे राहायचं, घरच्यांना आठवड्यातून एक दिवस भेट. महत्प्रयासाने एक जागा मिळाली होती आणि ती सोमवारपर्यंतच राखून ठेवणार होते. "तू पण बघ ना स्वतःकडे. अर्धी झालीस. रविवारी मी गाडी घेऊन येते. पण सही तुझी लागेल, आणि तुझं मन नसेल तर मी जबरदस्ती करणार नाही."

खरं सांगायचं तर काकूंना पाठवावंसं वाटत होतं. हे त्या कुणापाशी बोलल्या नव्हत्या. एक रात्र सलग झोपावं, एक दिवस कुणाला उचलू नये, एवढंच. आणि असं वाटतं म्हणून त्यांना स्वतःची लाजही वाटत होती. मास्तरांना विचारावं तर उत्तर देणार कोण? जो माणूस 'संपवा' म्हणतोय त्याला घरात धरून ठेवायचं, की घरच संपवा म्हणतोय असं समजून पाठवून द्यायचं? या विचाराने त्यांच्या नाकी नऊ आले. केंद्राचा नियम असा की प्रत्येक कपड्यावर नावाची फीत शिवलेली हवी. काकूंनी फीत आणून ठेवली, पण शिवायला घेतली नाही.

गुरुवारी सलूनवाला आला, मास्तरांच्या वर्गातला जुना विद्यार्थी. दर गुरुवारी यायचा, मास्तरांची दाढी करायला, न बोलावता. दाढी झाली, तोंड पुसलं आणि दोघांनी मिळून मास्तरांना उभं केलं. चार महिन्यांत मास्तर इतके वाळले होते की पॅन्ट घसरून पायाखाली आली आणि ते अडखळले. सलूनवाल्यानं सावरलं.

"बीट अराउंड द बुश," मास्तर म्हणाले.

सलूनवाल्याला हसू आवरेना. हसता हसता त्यानं मास्तरांना परत खुर्चीत बसवलं. "होय मास्तर, होय. पॅन्टच ती. आखूड करून घेतली पाहिजे."

"तुला रे काय कळलं त्यात?" काकूंनी विचारलं.

"असं काय काकू, तुमचीच तर गोष्ट." तो वस्तरा पुसत थांबला. काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्याच्या ध्यानात आलं की या बाईला खरोखरच काही माहीत नाही. "मास्तरांच्या वर्गाचा नियम होता. पुस्तकातला अर्थ सांगायचा नाही. जो अर्थ पाठ केला तो परीक्षेनंतर गेला म्हणायचे. प्रत्येक वाक्प्रचाराला आपल्या घरात घडलेलं काहीतरी सांगायचं. आधी मास्तर त्यांच्या घरातलं सांगणार, मग आम्ही आमच्या घरातलं. बीट अराउंड द बुश म्हणजे तुमची पॅन्ट. म्हणजे त्यांची. मास्तरांना तुम्हाला लग्नाचं विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता, म्हणून एकच पॅन्ट त्यांनी तुमच्याकडून तीनदा आखूड करून घेतली. शेवटी ती गुडघ्याला आली, तेव्हा तुम्हीच विचारलंत, अहो, तुम्हाला नक्की काय हवंय?"

पॅन्टची गोष्ट खरी होती, शब्द न् शब्द. पण ती या जगात दोनच माणसांना ठाऊक आहे असं त्या समजून चालल्या होत्या.

"ही गोष्ट कितीजणांनी ऐकलीय?"

"दरवर्षी नवा वर्ग. तीस वर्षं धरा." सलूनवाला आता मान खाली घालून वस्तरा पुसत होता. "मास्तरांचे मार्क दहापैकी, बोटांवर असायचे, काकू. गोष्ट चांगली झाली की हात वर करायचे. सातच्या वर मात्र कधी कुणाला दिले नाहीत. मला एकदाच सात मिळाले. सगळ्या गोष्टी त्यांनी एका जाड वहीत लिहून ठेवल्यात, वर कपाटात असेल."

बेकरीवाला आपल्याकडे बघून गालातल्या गालात का हसतो, टॅक्सीवाला आपल्यासाठी दार का उघडतो, हे काकूंना तीस वर्षांनी कळलं. त्यांना राग आला. इतका की त्या मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "सगळ्या गावाला सांगितलंत? मला सोडून?" आणि मास्तरांनी चक्क नजर चुकवली. चोरी पकडल्यावर बघतात तशी, खिडकीबाहेर. त्या चुकवलेल्या नजरेनं काकूंचा राग जागच्या जागी विरघळला. आत कुणी नाही म्हणे! आत अख्खा माणूस बसला होता, आणि तो वरमला होता.

सलूनवाल्याला मास्तरांपाशी बसवून काकू सायकलवाल्याच्या दुकानावरचा जिना चढल्या. खोलीत बाकांवर धूळ होती आणि फळ्यावर चार महिन्यांपूर्वीची अर्धवट तारीख. कपाटात वही होती, शिवणीच्या बाडासारखी जाड. डावीकडच्या पानावर इंग्रजी वाक्प्रचार आणि खाली मराठीत उच्चार, उजवीकडे गोष्ट. क्रम काहीच नाही, जसं आठवलं तसं लिहिलेलं. काकूंनी पदराखाली झाकावं तशी ती पोटाशी धरून घरी आणली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. फ्रिजवरची यादी इंटरनेट फिरून आली होती आणि अर्थ घरातच पडून होता. काकू मशीनवर वही ठेवून वाचायला बसल्या. वाचन सुटून पंचेचाळीस वर्षं झालेली, बोट ठेवून वाचायच्या. सातव्या पानावर 'ब्रेक द आइस' निघालं. लग्नानंतरचा पहिला आठवडा. नवी बायको तोंडात टाचण्या धरून गप्प, नवरा नुसता बोलतोय. एके दिवशी नवऱ्याने चहा केला आणि साखर समजून मीठ घातलं. बायको सगळा चहा प्यायली, चकार शब्द न काढता. मग नवऱ्याने स्वतःचा घोट घेतला, थुंकला, आणि दोघं पोट धरून हसली. त्या दिवसापासून घर बोलतं झालं.

काकू उठल्या. डॉक्टरांनी गोड कमी करा म्हटल्यापासून त्या मास्तरांना बिनसाखरेचा चहा देत होत्या. त्यांनी नवा चहा केला, एक लहान चमचा साखर घातली आणि कप तोंडाशी धरला. मास्तरांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. काहीही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पॅन्टही चार बोटं आखूड झाली आणि कंबरेत आत घेतली गेली, आणि सकाळ 'बीट अराउंड द बुश'शिवाय गेली.

आता उरलं होतं एकच. पण ते काही केल्या सापडेना. वही जाड, क्रम नाही, आणि काकू शोधायला बसायच्या त्या वाचतच राहायच्या. लेकीच्या पहिल्या दाताची गोष्ट निघाली. सासऱ्यांच्या आजारपणाची निघाली. एक भांडण निघालं, ज्यात चूक काकूंची होती आणि वहीत मास्तरांनी ती स्वतःच्या नावावर लिहिली होती. आपला संसार दुसऱ्याच्या अक्षरात वाचायचा म्हणजे बोट पुढे सरकत नाही. शनिवार संपला तेव्हा त्या अर्ध्या वहीपर्यंत पोचल्या होत्या.

रविवारी दुपारी लेक आली. हातात रिकामी बॅग आणि केंद्राचे कागद. काकूंनी तिला वहीची, चहाची, पॅन्टची सगळी हकिगत सांगितली. इतकं सलग बोलताना लेकीनं त्यांना कधी बघितलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं, पण चेहरा पडलेलाच होता.

"आई, मला पण असंच वाटावंसं वाटतंय. पण सुतावरून स्वर्ग नको गाठायला. आणि समज, ते अर्थ धरूनच बोलतात. मग संपवा म्हणतात, तेही धरूनच म्हणतात ना?"

काकूंना हीच तर भीती होती. बाकीच्या दोन्हींचा अर्थ लागल्यापासून तिसऱ्याचं भय उलट वाढलं होतं. त्यांनी मास्तरांची खुर्ची भिंतीपासून ओढून मशीनशेजारी आणली, फितीचं भेंडोळं काढलं आणि पहिला शर्ट घेतला. सही करायची वेळ आली तर कपडे तरी तयार असावेत. लेकीनं वही मांडीवर घेतली आणि मागच्या पानांपासून चाळायला लागली. ती भरभर वाचणारी.

पहिली फीत लागली. दुसरी. ऊन खिडकीतून उतरून जमिनीवर आलं. सहाव्या शर्टाला मास्तर म्हणाले, "कॉल इट अ डे."

काकू थांबल्या नाहीत. पाय चालतच राहिला.

"कॉल इट अ डे," मास्तर पुन्हा म्हणाले आणि डावा हात पट्ट्याकडे न्यायला लागले.

"आई, थांब," लेक म्हणाली. आवाज बदललेला होता. "सापडलं."

मशीन थांबलं. लेक वाचू लागली.

"दवाखान्याच्या एकशे चाळीस पडद्यांचं काम आलं होतं. बायको तीन दिवस मशीनवर होती. तिसऱ्या संध्याकाळी मी वर्गावरून घरी आलो तर बोटात सुई गेलेली, बोटाला चिंधी बांधलेली आणि मशीन सुरूच. मी काही बोललो नाही. मशीनचा पट्टा काढला आणि खिशात घातला. ती अर्धा तास बोलली नाही. त्यात नवीन काही नाही. मग मात्र बोलली, आणि असं बोलली की मला इथे लिहिता येत नाही. नंतर आम्ही दोघं पायरीवर बसलो आणि एक संत्रं खाल्लं. ती माझ्या खांद्यावर झोपली. दुसऱ्या दिवशी पडदे पुरे झाले. दवाखाना काही पडला नाही."

खाली चार ओळी होत्या, लाल शाईने अधोरेखित केलेल्या. त्याही तिनं वाचल्या.

"ध्यानात ठेवा. काहीजण हे कायमचं सोडून देण्यासाठीही वापरतात, मला ते मान्य नाही. यात हार नाही. आजचं पुरे, बाकीचं उद्या. जो 'संपवलं' असं लिहील त्याचे दोन मार्क जातील."

काकूंना त्या दिव्याखालच्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. हा माणूस रोज आपल्याला ऊठ म्हणत होता, अंग टेक म्हणत होता. स्वतःसाठी तो काहीच मागत नव्हता. आणि आपण त्याची खुर्ची भिंतीशी नेऊन ठेवली. त्यांना रडू आलं आणि या वेळी त्यांनी नळ सोडला नाही.

"मी नाही पाठवत यांना," डोळे पुसून त्या म्हणाल्या. "पण हेही ऐक. माझ्या एकटीच्यानं होत नाही. मी दमलेय. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

"मग सकाळची बाई लावू या," लेक म्हणाली. "त्या थेरपिस्टला घरी बोलवू. आणि पंधरा दिवसांतून दोन दिवस मी येईन. येईन म्हणजे येईनच, आई." तिनं केंद्राचे कागद दुमडून बॅगेत टाकले. "आणि बाबांच्या बोलण्याचा अर्थ चुकीचा मीच सांगितला होता. माझे दोन मार्क गेले."

काकूंनी वाकून मशीनचा पट्टा चाकावरून उतरवला, त्याची गुंडाळी केली आणि मास्तरांच्या शर्टाच्या खिशात घातली. ओठांतल्या टाचण्या एकेक करून मशीनवरच्या छोट्या गादीत खोचल्या. मग मास्तरांच्या समोर स्टूल ओढून बसल्या आणि वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसं, जपून म्हणाल्या, "कॉल इट अ डे."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. मग डावा हात वर केला, पाची बोटं पसरून.

"पाचच?" लेक म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. हात खाली आणून काकूंची मूठ धरली, तिचं एक बोट सरळ केलं, मग शेजारचं दुसरं. पुन्हा स्वतःचा हात वर केला. पाच आणि दोन.

काकूंनी आपल्या दोन बोटांकडे पाहिलं. त्यातल्या एकावर सुईची जुनी खूण होती. "चौतीस वर्षं संसार केला," त्या म्हणाल्या, "मग उरलेले तीन कुठं गेले?"

मास्तरांच्या तोंडाची डावी बाजू हळूहळू हसू लागली.

"कॉल इट अ डे," ते म्हणाले.